शिकविणाऱ्याचे शिक्षण : एका उपेक्षित खर्चाचा इतिहास

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी संग्रामपूर तालुका पसरला आहे. एकीकडे अंबाबरवा अभयारण्याचे डोंगर व त्यांतील आदिवासी वस्त्या, दुसरीकडे पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्टा, आणि मध्ये वऱ्हाडची ती प्रसिद्ध काळी जमीन. मुंबई-नागपूर लोहमार्गावर जावयाचे तर शेगाव गाठावे लागते. समजा, या तालुक्यातील सोनाळा किंवा टुनकी येथे एखाद्या शेतमजुराच्या घरी जन्मतः ऐकू न येणारे मूल आहे. ते सहा वर्षांचे झाले. त्याने कोठे शिकावे? आजवर आपण दोन उत्तरे देत आलो. एक तर त्याला आईपासून तोडून दूरच्या शहरातील वसतिगृहात ठेवावे, नाही तर गावच्या शाळेत मागच्या बाकावर बसवून पटावर त्याची हजेरी लावावी. तिसरे उत्तर असे की, गावच्याच शाळेतील शिक्षकाला त्या मुलास शिकविण्याची विद्या द्यावी. समावेशक शिक्षण म्हणतात ते हेच. हे उत्तर सर्वांना पटते. मात्र शिक्षकाला ही विद्या देण्याचा खर्च कोणी करावयाचा, या प्रश्नापाशी सगळे थबकतात. हा प्रश्न आजचा नाही. त्याला मोठा इतिहास आहे आणि त्या इतिहासात कॅथलिक धर्मगुरूंचा वाटाही मोठा आहे.

प्रारंभ स्पेनमध्ये करू. सोळाव्या शतकात ओन्या येथील मठात पेद्रो पोन्से दे लिओन हे बेनेडिक्टाइन संन्यासी राहत असत. उमराव घराण्यांतील बधिर मुलांना त्यांनी लिहावयास, वाचावयास आणि बोलावयासही शिकविले. बधिर मनुष्य शिकूच शकत नाही, ही तत्कालीन विद्वानांची समजूत त्यांनी खोटी पाडली. १५८४ साली ते निवर्तले आणि त्यांची विद्या जवळजवळ त्यांच्याबरोबरच गेली. कारण त्यांनी विद्यार्थी घडविले, शिक्षक घडविले नाहीत.

त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी पॅरिसमध्ये आबे शार्ल-मिशेल दे लेपे या धर्मगुरूंनी हेच कार्य हाती घेतले. त्यांची रीत मात्र निराळी होती. स्वतःच्या मिळकतीतून त्यांनी गरिबांच्या बधिर मुलांसाठी शाळा चालविली, आपली पद्धत छापून प्रसिद्ध केली, आणि जो कोणी शिक्षक शिकावयास येईल त्याच्यासाठी शाळेचे दार उघडे ठेवले. १७७७ साली ऑस्ट्रियाचे सम्राट दुसरे जोसेफ यांनी ती शाळा पाहिली. सम्राटाने व्हिएन्नात आधी इमारत उभारली नाही. आधी एका धर्मगुरूस पॅरिसला शिकण्यासाठी पाठविले. १७७९ मध्ये व्हिएन्नात बधिरांची शाळा सुरू झाली ती अशा रीतीने. शाळेच्या खर्चात शिक्षकाच्या प्रशिक्षणाचा खर्च पहिला, हा धडा त्यात स्पष्ट आहे.

दे लेपे यांनी लावलेला हा वेल पुढे कोठवर गेला ते पाहण्यासारखे आहे. त्यांच्या पश्चात ती शाळा आबे सिकार यांनी चालविली. १८१६ साली थॉमस गॅलॉडेट हे अमेरिकन प्रॉटेस्टंट पाळक तेथे शिकण्यास आले आणि परतताना सिकार यांचे बधिर शिष्य लोराँ क्लेर यांना सोबत घेऊन गेले. १८१७ मध्ये हार्टफर्ड येथे शाळा निघाली. पुढे वॉशिंग्टनमध्ये बधिरांचे महाविद्यालय स्थापन झाले व १८९१ साली त्यास शिक्षक-प्रशिक्षणाचा विभाग जोडण्यात आला. शतकाच्या त्या शेवटच्या दशकात याच विभागात यामिनीनाथ बॅनर्जी नावाचे एक बंगाली गृहस्थ शिकले आणि कलकत्त्यास परतून त्यांनी १८९३ मध्ये निघालेल्या मूकबधिर विद्यालयाचा पाया पक्का केला. पॅरिसच्या एका धर्मगुरूची विद्या अशी एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे जात, पंथ आणि समुद्र ओलांडून, हुगळीच्या काठी पोहोचली.

मुंबईचा मान तर कलकत्त्याच्याही आधीचा आहे. मुंबईचे व्हिकर अपोस्तोलिक बिशप लिओ म्यूरिन हे बर्लिनमध्ये जन्मलेले येशूसंघीय. त्यांच्या पुढाकाराने १८८५ च्या सुमारास मुंबईत मूकबधिरांसाठी जी संस्था निघाली, ती भारतातील बधिरांची पहिली शाळा मानली जाते. टी. ए. वॉल्श हे तिचे प्रमुख शिक्षक होते. बिशप म्यूरिन लवकरच मुंबई सोडून मॉरिशस बेटावरील पोर्ट लुई येथे गेले. संस्था राहिली, माझगावच्या परिसरात रुजली. तथापि एक गोष्ट खटकते. ज्या कॅथलिक समाजाच्या बिशपांनी हे बीज पेरले, त्याच समाजाच्या नामांकित शाळा मुंबई इलाख्यात त्याच वेळी वाढत होत्या. त्या सामान्य शाळांत बधिर वा अंध मूल मात्र आले नाही. दोन प्रवाह शेजारून वाहत राहिले, त्यांचा संगम झाला नाही.

याचे एक कारण मनोवृत्तीत असेल; दुसरे हिशेबाच्या वहीत सापडते. १८५४ च्या वुड यांच्या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे तत्त्व मान्य केले आणि शिक्षक घडविणाऱ्या नॉर्मल स्कुलांची शिफारसही केली. मिशनरी शाळांना याचा मोठा आधार मिळाला. परंतु १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात परीक्षेच्या निकालावर अनुदान ठरविण्याची पद्धत आली. निरीक्षक यावयाचा, मुलांची परीक्षा घ्यावयाचा, आणि जितकी मुले उत्तीर्ण तितके पैसे शाळेला मिळावयाचे. अशा व्यवस्थेत सावकाश शिकणारे, कमी दिसणारे, कमी ऐकू येणारे मूल म्हणजे शाळेचा रोख तोटा ठरला. मुख्याध्यापक कितीही दयाळू असला तरी हिशेबाची वही त्या मुलाला दाराबाहेर ठेवीत होती. ही पद्धत लॉर्ड कर्झन यांच्या काळात, १९०४ च्या सरकारी ठरावाने मोडीत निघाली. तिने लावलेली निकालाची सवय मात्र आपल्या शाळांतून अजूनही गेलेली नाही.

गंमत अशी की, या मुलांची मोजदाद सरकार त्या काळी नेमाने करीत होते. एकोणिसाव्या शतकातील जनगणनांत वेडसर, मूकबधिर, अंध आणि कुष्ठरोगी असे चार वर्ग मोजले जात. आजचा संग्रामपूर परिसर तेव्हा वऱ्हाडच्या अकोला जिल्ह्यात मोडत होता. बुलढाणा जिल्ह्यात तो १९०५ मध्ये आला. तेथील अंध-बधिरांची गणती झाली, त्यांच्यासाठी शिक्षक मात्र घडला नाही. पुढे १९४१ पासून ही गणतीही थांबली आणि १९८१ चा अपवाद वगळता थेट २००१ मध्ये ती पुन्हा रीतसर सुरू झाली. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद आहे.

१८९९-१९०० च्या दुष्काळाने महाराष्ट्रातील या कार्याला नवे वळण दिले. अनाथ झालेल्या मुलांत अंध मुलेही होती. अमेरिकन मराठी मिशनच्या मिस अ‍ॅना मिलर्ड यांनी १९०० साली मुंबईत अंधांसाठी शाळा काढली. आजची दादरची अंध मुलींची शाळा ती हीच. अनुदान कसे असावे, याचा याहून आधीचा एक धडा पंडिता रमाबाईंच्या चरित्रातही आहे. रमाबाईंनी अमेरिकेत असताना बालोद्यान पद्धतीचे शिक्षण स्वतः घेतले. १८८७ साली बॉस्टनमध्ये त्यांच्या साहाय्यार्थ मंडळ स्थापन झाले आणि त्याने एकदाच मोठी देणगी देण्याऐवजी दहा वर्षे मदत पुरविण्याची हमी घेतली. १८८९ मध्ये शारदा सदन उघडले ते या भरवशावर. शिक्षक घडविण्यास दहा वर्षे लागतात, हे त्या देणगीदारांना उमगले होते.

स्वातंत्र्योत्तर काळात कोठारी आयोगाने (१९६४-६६) अपंग मुलांना शक्य तेथे सामान्य शाळेत शिकवावे अशी शिफारस केली, आणि १९७४ साली केंद्र सरकारने एकात्म शिक्षणाची योजना आणली. १९८७ मध्ये युनिसेफच्या साहाय्याने जो प्रकल्प सुरू झाला, त्यात महाराष्ट्राचाही समावेश होता. त्याची आखणी आजही अभ्यासावी अशी आहे. एक विकासगट हा घटक धरून तेथील सर्व प्राथमिक शिक्षकांना सुमारे एक आठवड्याचे, त्यांतील दहा टक्क्यांना सहा आठवड्यांचे, आणि मोजक्या शिक्षकांना एक वर्षाचे प्रशिक्षण द्यावयाचे होते. एका तालुक्याला काय लागते याचा तो नेमका हिशेब होता. १९९४ साली स्पेनमधील सालामांका येथे ९२ देशांच्या प्रतिनिधींनी सामान्य शाळेनेच सर्व मुलांना सामावून घ्यावे असा उद्घोष केला. पोन्से यांच्याच देशात, चार शतकांनंतर, हा विचार जगाने स्वीकारला हा एक सुंदर योगायोग म्हटला पाहिजे.

ख्रिस्तसभेची शिकवणही या बाबतीत मागे नव्हती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या २८ ऑक्टोबर १९६५ च्या शिक्षणविषयक जाहीरनाम्यात, नैसर्गिक उणिवेमुळे विशेष काळजीची गरज असलेल्यांच्या शाळा आणि शिक्षक घडविणाऱ्या शाळा यांचा उल्लेख एकाच परिच्छेदात आहे. मुंबईत १९५३ पासून सेंट झेवियर्स शिक्षणशास्त्र महाविद्यालय शिक्षक घडवीत आले. सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ साली दृष्टिहीनांसाठी साधनकेंद्र उभे राहिले आणि सामान्य महाविद्यालयात अंध विद्यार्थी बरोबरीने शिकू शकतो, हे त्याने दाखवून दिले. परंतु मुंबईत जे घडते ते वऱ्हाडात पोहोचावयास वेळ लागतो. संग्रामपूर ज्या अमरावती धर्मप्रांतात मोडते, तो १९५५ साली नागपूरपासून वेगळा झाला. पाच जिल्ह्यांचा पसारा आणि विरळ ख्रिस्ती वस्ती असलेल्या धर्मप्रांताने हा खर्च एकट्याने उचलावा, असे म्हणणे न्याय्य होणार नाही.

येथे आपल्या सवयींकडेही पाहावयास हवे. देणगीदाराला इमारत दिसते, कोनशिलेवर नाव कोरता येते. शिक्षकाने सहा आठवडे घेतलेल्या धड्यांवर कोणाचेही नाव कोरता येत नाही. सरकारी वेतन-अनुदान मान्य पदांचा पगार भागविते. शिक्षक प्रशिक्षणास गेला असता त्याच्या वर्गावर येणाऱ्या बदली शिक्षकाचे मानधन कोठून द्यावयाचे, हे ज्याचे त्याने पाहावयाचे. आपल्या संस्थांत आणखी एक अडचण आहे. प्रशिक्षणाला बहुधा धर्मभगिनी किंवा धर्मगुरू पाठविले जातात. ते निष्ठेने शिकून येतात, आणि काही वर्षांत त्यांची बदली होते. विद्या त्यांच्याबरोबर जाते, शाळा होती तेथेच राहते. पोन्से यांच्या मठात जे घडले तेच लहान प्रमाणात पुन्हा घडते. त्याच गावात आयुष्य काढणाऱ्या प्रापंचिक शिक्षकावर हा खर्च केला तर तो वीस-पंचवीस वर्षे फळ देतो.

परदेशी देणग्यांची भिस्तही आता पूर्वीसारखी धरता येत नाही. विदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीने एका संस्थेला मिळालेली अशी रक्कम दुसऱ्या संस्थेकडे सोपविण्यास बंदी केली. म्हणजे मोठ्या संस्थेने परदेशातून पैसा आणून खेड्यातील लहान शाळेला द्यावा, हा जुना मार्ग बंद झाला. उलट कर्तव्य वाढले आहे. शिक्षण हक्क कायद्यातून अल्पसंख्याकांच्या शाळा सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निर्णयाने वगळल्या गेल्या. पण दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सरकारमान्य अशा सर्वच शाळांकडून समावेशक शिक्षणाची अपेक्षा धरतो. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने सामान्य शाळांतही विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरविण्यास सांगितले, आणि त्यानुसार प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे व उच्च प्राथमिक स्तरावर पंधरा मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण ठरले. कायद्याने सवलत दिली म्हणून विवेक सवलत देत नाही, हे आपल्या वाचकांस वेगळे सांगावयास नको.

मग करावयाचे काय? इतिहास तीन साध्या गोष्टी सांगतो. व्हिएन्नाने दाखविले की, भिंतींच्या आधी शिक्षक पाठवावा. बॉस्टनच्या मंडळाने दाखविले की, मदत थोडी असली तरी अनेक वर्षांच्या हमीची असावी. आणि १९८७ च्या प्रकल्पाने दाखविले की, हिशेब तालुक्याचा करावा. वसई, मुंबई, पुणे येथील संपन्न धर्मग्रामांनी वऱ्हाडातील एकेका शाळेच्या दोन शिक्षकांचे प्रशिक्षण-शुल्क, प्रवास आणि त्यांच्या बदली शिक्षकाचे मानधन एवढेच दहा वर्षे उचलले, तर ती रक्कम एखाद्या सभागृहाच्या फरशीहून फार मोठी होणार नाही. शिकून आलेल्या शिक्षकाने शेजारच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षकांनाही शिकवावे, एवढी अट मात्र असावी. कारण दे लेपे यांनी आपले दार कोणासाठीही बंद केले नव्हते.

सोनाळ्याच्या त्या मुलाची आई सकाळी त्याला शाळेत सोडील आणि संध्याकाळी ते घरी परत येईल, इतकीच तिची मागणी आहे. मधल्या सहा तासांत त्याच्याशी कोणीतरी खरोखर बोलावे, यासाठी जो पैसा लागेल तो दानधर्माचा समजू नये. एकशे चाळीस वर्षांपूर्वी आपल्याच एका बिशपांनी मुंबईत सुरू केलेल्या कामाची ती राहिलेली बाकी आहे.