दाद मागायला एक नाव

काशीच्या संकठा घाटापर्यंत गाडी जात नाही. खाली गंगा आणि वर चौकाच्या दिशेने चढत जाणाऱ्या गल्ल्या, त्याही इतक्या अरुंद की समोरून बैल आला तर माणसाने कुणाच्या तरी दारात सरकून उभं राहावं. घरांच्या क्रमांकाआधी ‘सीके’ अशी अक्षरं असतात. त्यावरून चौक विभाग कळतो, बोळ कळत नाही. पार्सल घेऊन आलेल्या मुलाला मोटारसायकल लांब लावून फोन करत करत घर शोधावं लागतं. शोध फसला की ग्राहकाच्या मोबाइलवर संदेश येतो : ‘डिलिव्हरीचा प्रयत्न केला, ग्राहक उपलब्ध नाही.’ ग्राहक घरातच बसलेला असतो. सदाशिव पेठेतल्या वाड्यात किंवा नागपूरच्या नव्या लेआउटमध्येही हेच घडतं. या चिडचिडीवर एक ठरलेलं उत्तर मिळतं : पूर्वीच्या माणसांना धीर होता, आपल्याला सगळं दहा मिनिटांत हवं. हे उत्तर मला पटत नाही. लांबच्या गावी पैसे पाठवून वाट पाहत बसणं काशीला आणि मराठी मुलखाला निदान तीनशे वर्षं ठाऊक आहे. जुन्या व्यवहारात उशीर भरपूर होता, फसवणूकही होती. पण बिनसलं तर कुणाला धरायचं, हे पैशाच्या कागदाबरोबरच ठरलेलं असे. नेमकी तीच सोय आज हरवली आहे.

पुरावा घाटापासूनच सुरू होतो. संकठा घाटाच्या एका बाजूला शिंदे घाट, दुसऱ्या बाजूला थोडं पुढे नागपूरकरांचा भोसले घाट, आणि त्याच्याही पुढे पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट ही जुनी मराठी वस्ती. ही बांधकामं करवणारे धनी शेकडो कोस लांब होते आणि काशी त्यांच्या अमलाखाली नव्हती. पेशव्यांनी काशी मिळवायची खटपट पुष्कळ केली, पण शहर त्यांच्या हाती आलं नाही. म्हणजे इथे हुकूम चालणार नव्हता. पैसा पाठवायचा आणि काम दुसऱ्याच्या राज्यात करवून घ्यायचं, हा निव्वळ विश्वासाचा व्यवहार होता. पहिल्या बाजीरावांच्या वेळी सदाशिव नाईक जोशी काशीत घाटांचं काम पाहत आणि त्याची हकीकत पत्रांनी कळवत. पत्र पोचायला वेळ लागे, पण ते लिहिणारा माणूस ठाऊक असे आणि पुढचा जाब त्यालाच विचारला जाई. माल खराब निघत नसे असंही नाही. बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास बांधवलेला घाट आपल्याच वजनाने खचला. मागवलेली वस्तू सदोष निघाल्याचं इतकं भव्य उदाहरण शोधून सापडायचं नाही.

सरदारांच्या घाटांपेक्षा बोलका पुरावा सावकारांच्या हुंडीत आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात काशीतल्या पेढ्यांची, विशेषतः गोपाळदास मनोहरदास यांच्या पेढीची, पत थेट सुरत-मुंबईपर्यंत चाले. कंपनी सरकारचा पैसासुद्धा त्यांच्या हुंड्यांवरून पश्चिम किनाऱ्याला जाई. हुंडी म्हणजे एका गावच्या पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीला लिहिलेलं पैसे देण्याचं पत्र, एवढंच आपण सहसा सांगतो. तिची खरी हुशारी, काही बिघडलं तर पुढे काय, या कलमांत आहे. मूळ हुंडी वाटेत हरवली तर ‘पेठ’ म्हणजे दुसरी प्रत निघे, तीही गेली तर ‘परपेठ’. शहाजोग हुंडीचे पैसे कुणाही आगंतुकाच्या हाती पडत नसत. ते पतदार शहाच्या, म्हणजे बाजारात अब्रू असलेल्या सावकाराच्या, मार्फतच मिळत, आणि हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली तर त्या शहाने रक्कम व्याजासह परत करायची, असा रिवाज होता. जोखमी हुंडी तर मालावरच काढलेली असे : माल सुखरूप पोचला तर पैसे, वाटेत बुडाला तर नाही. आणि जिकरी चिठ्ठी. हुंडी न पटण्याची शंका असेल, तर तिच्या व्यवहारातला एखादा जण त्याच गावातल्या दुसऱ्या पतदार माणसाच्या नावे चिठ्ठी देऊन ठेवी, की वेळ पडली तर याच्याकडे जा, हा पैसे देईल. तक्रार उद्भवण्याआधीच तिच्या निवारणाचं नाव कागदावर चढलेलं असे, आणि त्या माणसाला पैसे मोजून द्यायचा अधिकार असे.

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. ही सगळी व्यवस्था ओळखीपाळखीच्या लोकांची होती. पेढी, जात, नातं आणि बाजारातली अब्रू या कुंपणाच्या आत जो असेल त्याचंच काम होई. रत्नागिरीच्या खोतालाही काशीहून शालू मागवणं अवघड, मग त्याच्या कुळाची गोष्टच सोडा. आज संकठा घाटावरच्या एका खोलीत राहणारा विद्यार्थीही, ज्याचं नाव कुठल्याच पेढीवर नाही, पाचशे रुपयांचं पुस्तक घरी मागवतो. हे मोठंच स्थित्यंतर आहे, आणि जुन्याच्या कौतुकात ते विसरणं अन्यायाचं होईल. मग प्रश्न असा उरतो : अनोळखी लोकांचा, लाखोंच्या संख्येने होणारा व्यवहार म्हटला की उत्तरदायी माणूस सुटणारच का?

सुटत नाही, असं टपालखात्याचा इतिहास सांगतो. १८७७ मध्ये हिंदुस्थानच्या टपालखात्याने व्हॅल्यू पेएबल पद्धत सुरू केली, म्हणजे आपली व्ही. पी. : पोस्टमनच्या हाती पैसे ठेवायचे, पार्सल घ्यायचं, आणि पैसे खात्यामार्फत विकणाऱ्याकडे जायचे. मराठी वृत्तपत्रांच्या जाहिरातींत घड्याळं, औषधं, पोथ्या यांच्या किमतीपुढे ‘टपालहंशील वेगळा’ हे शब्द ठरून गेले आणि ‘व्ही. पी. सोडवणे’ हा घराघरांतला शब्दप्रयोग झाला. इथे विकणारा आणि घेणारा एकमेकांना जन्मात भेटणार नव्हते. पैसे दिल्याशिवाय पार्सल उघडता येत नसे, त्यामुळे भलताच माल गळ्यात पडण्याची तक्रार या पद्धतीबरोबरच जन्मली. पण कायद्याने त्या तक्रारीची दखल घेतली. १८९८ च्या टपाल कायद्यात, पार्सल खऱ्या मागणीवरूनच पाठवलं असल्याचं पाठवणाऱ्याने जाहीर करायचं, ही अट होती. फसवणूक झाली असेल तर वसूल केलेली रक्कम अडवून ठेवावी आणि घेणाऱ्याला परत द्यावी यासाठी नियम करायचा अधिकारही त्यात होता. टपालखातं माल विकत नव्हतं, त्याच्या प्रतीची हमी घेत नव्हतं. तरी पैसा आपल्या हातातून जातो, एवढ्या कारणाने परताव्याची वाट त्याने आपल्या दारातून ठेवली. हा कायदा १८ जून २०२४ पर्यंत चालू होता.

(उघडून न पाहता घ्यायच्या मालाचा कळस मात्र काशीनेच गाठला आहे. तांब्याचा मोहोरबंद गडू मराठी देवघरांत वर्षानुवर्षं न उघडता पुजला जातो आणि आत गंगाच आहे का, हे कुणी विचारत नाही. २०१६ पासून टपालखातं गंगाजल घरपोच विकतं. सुरुवातीला ते ऋषिकेश आणि गंगोत्रीचं होतं, काशीचं नव्हे.)

आजच्या पद्धतीत पैशाची गती आणि उत्तराची गती यांची फारकत झाली आहे. यूपीआयने रक्कम क्षणात जाते. परतावा मागितला की ‘पाच ते सात कामकाजाचे दिवस’ सुरू होतात. २०१० मध्ये फ्लिपकार्टने कॅश ऑन डिलिव्हरी आणली तेव्हा व्ही. पी.चाच धडा नव्याने गिरवला गेला : अनोळखी दुकानदाराला माणूस आधी पैसे द्यायला धजत नाही. पण तक्रार केली की विक्रीचं व्यासपीठ म्हणतं आम्ही मध्यस्थ, विक्रेता म्हणतो माल कुरिअरने फोडला, कुरिअर म्हणतो वरून परवानगी नाही. सरकारला हे कळत नाही असं नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार प्रत्येक कंपनीने तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क जाहीर करायचा, ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. सदोष माल किंवा ठरल्यापेक्षा उशिरा आलेला माल परत घ्यायला विक्रेत्याने नकार द्यायचा नाही, हेही त्यात आहे. कागदावर ही जिकरी चिठ्ठीच म्हणायची. व्यवहारात मात्र पोच यंत्र देतं, एका सेकंदात, ‘आपली गैरसोय झाल्याबद्दल दिलगीर आहोत’ या मजकुरासह, आणि नियमातले ४८ तास पाळले जातात.

कंपन्यांची बाजू अशी, की एवढ्या तक्रारींना माणसं बसवली तर वस्तू महाग होतील. यात तथ्य आहे, पण ते सगळ्या तक्रारींना सारखं लागू नाही. ‘पार्सल कुठवर आलं’ या प्रश्नाला यंत्र पुरतं, माणसापेक्षा नीट सांगतं. पैसे अडकले, भलतीच वस्तू आली, न झालेली डिलिव्हरी झाली म्हणून नोंदली गेली, या तक्रारी त्या मानाने थोड्या, आणि तिथेच बोलायला कुणी नसतं. मग राग निघतो तो दारात उभ्या असलेल्या मुलावर. संकठा घाटाच्या पायऱ्या चढून घामाघूम झालेला तोच काय तो या साखळीतला दिसणारा माणूस. त्याला पार्सल उघडून दाखवायचा अधिकार बहुधा नसतो, परत घ्यायचा तर ॲपने ‘रिटर्न पिकअप’ दाखवल्याशिवाय नाहीच. व्ही. पी. घेऊन येणारा पोस्टमनही परतावा देऊ शकत नव्हता, पण तक्रारीचा अर्ज घेऊन कुठल्या टपालकचेरीत जायचं, हे त्याला सांगता येई. आजच्या मुलाला विचारलं तर तोही आपल्याला ॲपमधलं तेच ‘हेल्प’चं बटण दाखवतो.