नोंदणी संपली म्हणून रस्ता संपत नाही

सातारा हिल हाफ मॅरेथॉनची नोंदणी भरली की ग्रुपवर एकच मेसेज फिरायला लागतो. ‘कुणाचा बिब मिळेल का?’ बिब म्हणजे छातीवर लावायचा नंबर. त्यावर दोन शब्द बोलायचे आहेत. पण आधी थोडा इतिहास, कारण ‘हाऊसफुल्ल’ ही भानगड फार जुनी नाही.

१९७० साली न्यूयॉर्कची पहिली मॅरेथॉन सेंट्रल पार्कातच फेऱ्या मारून झाली. फी एक डॉलर. १२७ जण धावायला उतरले, ५५ जणांनी पुरी केली. आज तिथं ५० हजारांवर लोक धावतात आणि प्रवेशासाठी सोडत निघते.

आपल्याकडची गोष्ट त्याहून जुनी. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी धावताना सर दोराबजी टाटांनी पाहिली. पुढं १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला आपले खेळाडू गेले. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि १९ वे आले. त्या शर्यतीचं अंतर होतं ४२.७५ किलोमीटर! ४२.१९५ हा आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकचा, पण तो कायमचा ठरला १९२१ साली. त्याच्या निम्मं केलं की आपली हाफ, २१.०९७५.

मग १९८३ ला पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन आली, २००४ ला मुंबईची, २०१२ ला साताऱ्याची. २०१५ साली साताऱ्याचं नाव गिनीज बुकात गेलं आणि बाहेरगावची गर्दी वाढली. पण यवतेश्वरचा घाट काही रुंद होत नाही. त्याच रस्त्यानं चढायचं, त्याच रस्त्यानं उतरायचं. पाणी, डॉक्टर, रुग्णवाहिका सगळं तिथंच बसवायचं. त्यामुळं आकड्याला मर्यादा राहणारच. आपल्याच गावात आपल्याला जागा नाही याचं वाईट वाटतं, मान्य. पण मर्यादा योग्यच आहे.

आता बिबचं. दुसऱ्याच्या नंबरावर धावू नका. आयोजकांकडं त्या नंबरापुढं रक्तगट आणि घरच्यांचा फोन नोंदलेला असतो. घाटात तुम्ही कोसळलात तर फोन भलत्याच घरी जाणार आणि डॉक्टरांसमोर माहिती भलत्याच माणसाची असणार. शिवाय बाईच्या नंबरावर पुरुष धावला तर निकालात खऱ्या धावणारीची जागा जाते.

त्यापेक्षा दुसरी शर्यत निवडा. घाटाचा सराव झालाय आणि तो वाया घालवायचा नाही? ऑगस्टातली हैदराबाद बघा, उड्डाणपुलांच्या चढउतारांनी पाय तिथंही बोलतात. मातीची वाट आवडत असेल तर श्रीरंगपट्टणची कावेरी ट्रेल आहे, कालव्याच्या काठानं. वेळ सुधारायची असेल तर डिसेंबरात वसई-विरार. पहिल्यांदाच धावणार असाल तर जवळची, छोटी शर्यत धरा. मेडल कसं आहे ते नंतर. अंतर मोजलेलं आहे का, पाणी किती ठिकाणी, वाहतूक बंद ठेवणार का, रुग्णवाहिका आहे का, हे आधी विचारा. आणि तारीख अशी घ्या की सराव पुरा होईल. चार आठवडे उशीर झाला तर बिघडत नाही, चार आठवडे घाई केली तर गुडघा बोलतो.

आपल्याच जिल्ह्यातली ललिता बाबर आठवा. माण तालुक्यातल्या मोहीची पोरगी. २०१२ ते २०१४ सलग तीन वर्षं मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली. मग तिनं वाट बदलली, ३००० मीटर स्टीपलचेसकडं वळली आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावली. सवयीची शर्यत सोडून दुसरी धरणं म्हणजे माघार नव्हे.

यवतेश्वरचा घाट उद्या पहाटेही तिथंच आहे. त्याला नोंदणी लागत नाही. फक्त गाड्यांकडं लक्ष ठेवा, कडेनं पळा.

यंदा कोण कुठं धावतंय? कमेंटमध्ये सांगा, सोबत जमेल.