उचंत खात्यातली लक्ष्मी

इतिहास आणि बँक यांत एक मोठं साम्य आहे. दोन्हीकडे गेलेल्या माणसांच्या सह्या तपासाव्या लागतात. फरक एवढाच की, बँकेत सही जुळली नाही तर चेक परत करता येतो. इतिहासात सही जुळली नाही की एक पुस्तक निघतं आणि विद्वानांत दोन तट पडतात.

मी जन्मानं नांदेडचा आणि पोटापाण्यानं लातूरचा. त्यामुळे नांदेडकर मला लातूरचा समजतात आणि लातूरकर नांदेडचा. २००९ साली विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला, यावरून दोन्ही गावं पेटली होती, तेव्हा मी नांदेडला आईपुढं नांदेडची बाजू घ्यायचो आणि लातूरला सासूबाईंपुढं लातूरची. अशा माणसाला तटस्थ इतिहासकार म्हणायला वाचकांची हरकत नसावी.

तर सांगायचा मुद्दा असा की, मध्यंतरी आम्ही उभयता इटलीला जाऊन आलो. त्यासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते अजून चालू असल्यामुळे इटली मला दर महिन्याच्या एक तारखेला नियमित आठवते. ऑफिसात सगळे विचारत होते, "इटलीच का हो? लोक दुबईला जातात, स्वस्तात पडतं." त्यांना काय सांगणार! कॉमर्सच्या माणसाची काशी इटलीतच आहे. डाव्या बाजूला नावे आणि उजव्या बाजूला जमा, ही जी द्विनोंदी पद्धत आपण गिरवतो, ती इटलीच्या व्यापाऱ्यांची. लुका पाचोली नावाच्या एका साधूबुवानं १४९४ साली व्हेनिसला पुस्तक छापून ती जगाला शिकवली. आपल्याकडचे साधू संसार सोडायला सांगतात. या साधूनं संसाराचा ताळेबंद जुळवायला सांगितला. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी मी त्याला पुष्कळ शिव्या दिल्या होत्या, तेव्हा त्याच्या देशात जाऊन एकदा नमस्कार करून येणं भागच होतं.

प्रवासी कंपनीनं आम्हांला नेपल्सच्या आखातावर पाँपेईला नेलं. हे एके काळी समुद्राकाठचं बंदर. इसवी सन ७९ मध्ये शेजारचा व्हेसुव्हियस डोंगर फुटला, गाव राखेखाली गेलं आणि समुद्रसुद्धा घाबरून दीड-दोन किलोमीटर मागं सरला. तो अजून परत आलेला नाही. गाईड गल्ल्या दाखवीत होता, भट्ट्या दाखवीत होता. माझं लक्ष नव्हतं. पण एका घरापुढं तो म्हणाला, "हे इथल्या बँकरचं घर," आणि माझे कान टवकारले.

लुसियस सिसिलियस युकुंडस हे त्या गृहस्थाचं नाव. लिलावाचा पैसा वळता करायचा आणि मध्ये आपलं कमिशन कापायचं, हा त्याचा धंदा. १८७५ साली त्याच्या घरात मेण लावलेल्या लाकडी पाट्यांची एक पेटी सापडली. दीडशेवर पावत्या! रक्कम, तारीख, साक्षीदार, सगळं जागच्या जागी. आमच्याकडे गेल्या वर्षीचं व्हाउचर मागितलं तर शिपाई अर्धा दिवस नाहीसा होतो आणि इथं जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचं रेकॉर्ड ऑडिटला तयार! त्याच घरात देव्हाऱ्यापाशी एक संगमरवरी पट्टी होती. तिच्यावर कललेलं देऊळ कोरलेलं. ज्वालामुखीच्या सतरा वर्षं आधी, ६२ साली, पाँपेईत मोठा भूकंप झाला होता, त्याचं ते चित्र. पेटीतली शेवटची पावतीही त्या भूकंपाच्या थोडी आधीचीच. पुढं हिशोब थांबला. का थांबला, ते पाट्या सांगत नाहीत.

इथपर्यंत आमची सहल मजेत होती. पुढं काचेच्या पेट्यांत माणसं होती. म्हणजे माणसांचे ठसे. राखेत गाडलेली शरीरं कुजून गेली, त्यांच्या आकाराच्या पोकळ्या तेवढ्या उरल्या. १८६३ साली फियोरेल्ली नावाच्या अधिकाऱ्यानं त्यांत प्लास्टर ओतलं आणि माणसं पुन्हा उमटली. कुणी तोंडावर हात घेतलेला, कुणी कुशीवर. आमच्या ग्रुपमधली मंडळी भराभर फोटो काढीत होती. सौ. मात्र खांबाला टेकून उभी राहिली.

तिचं आजोळ किल्लारीच्या बाजूचं. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती आणि पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. आमच्याकडची जुनी घरं दगड-मातीची, वर माळवद. उन्हाळ्यात गारवा राहावा म्हणून बापजाद्यांनी वर जी माती चढवली, तीच अंगावर आली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. ५२ गावं उठून नव्या जागी वसवावी लागली. जुन्या गावांची नावं नव्या वसाहतींना मिळाली. पण नाव बदलीवर जातं, गाव जात नाही.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "आमच्या आजीचा साधा फोटोसुद्धा निघाला नाही हो त्या घरातून. आणि हे बघा, कोण कुठला माणूस, त्याच्या कपड्याची चुणीसुद्धा राहिलीय."

मी बँकेतला माणूस. समोरचा खातेदार रडायला लागला की काय बोलावं, याचं ट्रेनिंग आम्हांला देत नाहीत. मी पाण्याची बाटली पुढं केली.

दुसऱ्या दिवशी नेपल्समध्ये खरेदीसाठी दोन तास मोकळे मिळाले. मंडळी चपलांच्या दुकानात शिरली आणि मी सौ.ला घेऊन तिथल्या पुराणवस्तू संग्रहालयात गेलो. तिथं एक खास दालन आहे. पूर्वीच्या राजेलोकांना ज्या वस्तू असभ्य वाटल्या, त्या त्यांनी या खोलीत कोंडल्या. २००० साली ती सर्वांसाठी खुली झाली. भिंतींवरची चित्रं पाहून सौ.नं पदर सावरला आणि हळूच विचारलं, "अहो, तुम्ही नक्की इतिहासासाठीच आलात ना?"

मी बोटानं दाखवलं. काचेमागं वीतभर उंचीची हस्तिदंती बाई उभी होती. दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी. १९३८ साली पाँपेईतल्या एका घरात ती सापडली. तिला लक्ष्मी म्हणायचा प्रघात आहे, काही विद्वान यक्षी म्हणतात. अंगावर वस्त्र बेताचं, दागिने मात्र भरपूर. सौ. काचेला नाक लावून म्हणाली, "अगंबाई, कोपरापर्यंत बांगड्या! आपल्या लमाणी बायांसारख्या!" इतक्या विद्वानांनी तिच्यावर लिहिलं, पण मराठवाड्याच्या बाईनं तिला क्षणात ओळखलं.

कारण ती बहुधा आपल्याकडचीच आहे. लातूरहून बार्शी रस्त्यानं निघालं, मुरूड मागं टाकलं आणि ढोकीहून आत वळलं की तेरणाकाठी तेर लागतं. आपण त्याला गोरोबाकाकांचं तेर म्हणून ओळखतो. नामदेवांच्या डोक्यावर थापटणं मारून 'मडकं कच्चं' असा शेरा ज्यांनी दिला, ते गोरोबाकाका. पण त्यांच्याही हजार-बाराशे वर्षं आधी हे तगर नावाचं पेठेचं गाव होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडच्या कुणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं 'पेरिप्लस' ही बंदरांची जंत्री लिहिली. भडोचहून वीस दिवसांवर पैठण, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असा हिशोब त्यात आहे. तगरचं जाडंभरडं कापड आणि तलम मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जाई, असंही तो सांगतो. रस्त्यांबद्दलची ही आपल्या भागातली पहिली लेखी तक्रार असावी. भडोचला उतरणाऱ्या मालात इटलीची दारू विशेष पसंतीची, आणि रोमन सोन्या-चांदीची नाणी इथल्या चलनात बदलली की नफा, हेही त्यानं टिपलं आहे. म्हणजे फॉरेन एक्स्चेंजचा धंदा आमच्या बँकेच्या फार आधीचा.

तिकडं प्लिनी नावाचा रोमन विद्वान कुरकुरत होता की, हिंदुस्थान दरसाल आपले पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. हाच प्लिनी नेपल्सच्या आखातातल्या आरमाराचा प्रमुख. व्हेसुव्हियस फुटला तेव्हा माणसं सोडवायला गलबतं घेऊन गेला आणि किनाऱ्यावरच गेला. ज्या आयात मालाबद्दल तो तक्रार करीत होता, त्यातली ही एक बाई त्याच राखेत, तिथून थोड्याच अंतरावर गाडली गेली. देणेकरी आणि माल एकाच दिवशी बुडाल्याचं असं उदाहरण आमच्या वसुली खात्यातही नाही.

तेर म्हणजेच तगर, हे फ्लीटसाहेबानं १९०१ साली दाखवून दिलं. तिथल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडणाऱ्या हजारो वस्तू जमवल्या. त्यांच्या नावाच्या सरकारी संग्रहालयात पाँपेईच्या बाईची जणू बहीण शोभेल अशी हस्तिदंती मूर्ती आहे. द्विनोंदी पद्धतीनं पाहिलं तर जमा नेपल्सला, नावे तेरला. दोन्ही बाजू जुळल्या, असं म्हणून मी टिक करणार होतो.

पण खातं इतकं सरळ नाही. १९७३ साली जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात तशाच मूर्तीचा तुकडा निघाला. शिवाय नेपल्सच्या बाईवर खरोष्ठी अक्षर कोरलेलं आहे, आणि ती लिपी पार वायव्येकडची. म्हणून काही विद्वान तिला तिकडची मानतात. आमच्या भाषेत सांगायचं तर नोंद आहे, रक्कम आहे, पण खातेदार नक्की होत नाही. अशी रक्कम आम्ही उचंत खात्यात ठेवतो.

परतीच्या विमानात सौ. म्हणाली, "तिला इकडं आणायला पाहिजे हो." मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग विचार केला, आणली तर ठेवायची कुठं? तेरचे म्हणणार आमची, भोकरदनचे म्हणणार आमची, लातूरला मोर्चा निघणार आणि नांदेडला बंद. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत ती तिथंच काचेमागं सुरक्षित आहे. तेरच्या बहिणीला भेटायला मात्र कुणी अडवत नाही. लातूरहून सकाळी निघावं, दुपारच्या जेवणाला घरी. त्याला व्हिसा लागत नाही आणि कर्जही काढावं लागत नाही.