संप: खाणीच्या तळातून माशांच्या टाक्यांखाली

क्लाऊनफिशच्या जोड्यांचे आठ टँक रॅकवर मांडले, की प्रत्येकाला वेगळा फिल्टर लावत कोणी बसत नाही. सगळ्यांचं खारं पाणी ओव्हरफ्लोच्या पाईपने खालच्या एकाच टाकीत उतरतं, तिथे गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. या खालच्या टाकीला म्हणतात संप. गाडीच्या इंजिनाखालचा ऑईल संप माहीत होता, त्यामुळे नाव तिथूनच आलं असं मी वर्षानुवर्षं धरून चाललो होतो. मग जुन्या खाणींच्या एका वर्णनात हाच शब्द भेटला आणि माझा समज उलटापालटा झाला.

आधी एक खोटा नातेवाईक बाजूला करू. कामगारांचा संप वेगळा. गुजरातीत संप म्हणजे एकोपा, आणि एकजुटीने काम थांबवलं तो आपला संप. आमची टाकी दुसऱ्या कुळातली. तिच्या नावाचा मूळ अर्थ दलदल. जुन्या डच आणि जर्मन बोलींतून तो शब्द पंधराव्या शतकात इंग्रजीत गेला. सतराव्या शतकात मात्र तो अचानक खाणीत दिसतो: विहिरीसारख्या उभ्या खाणीच्या तळाशी पाझर साठतो तो खड्डा, जिथून पंप पाणी उपसतो. दलदलीवरून खड्ड्याकडे अर्थ आपोआप सरकला, असं म्हणणारे म्हणतील. मला ते पटत नाही. जर्मन खाणकामगार त्या तळाला आजही ‘झुम्फ’, म्हणजे दलदल, म्हणतात. आणि १५६० च्या दशकात पहिल्या एलिझाबेथच्या राज्यात तांबं काढायला इंग्लंडमधल्या केझिक गावी आणले होते ते जर्मन कारागीरच. कारागीर येतो तो हत्याराबरोबर शब्दही घेऊन येतो. पोर्तुगीजांनी आपल्याला बादली दिली ती नावासकट. खाणीतला अर्थ केझिकच्या वाटेने आला, हे माझं ठाम मत आहे.

इंजिनाचा संप फार पुढचा; तळाशी जमणाऱ्या तेलाला तेच नाव मिळालं, इतकंच.

नावाचं हे झालं. रचनेचं श्रेय बहुतेक जण १९८० च्या दशकातल्या डच छंदिष्टांना देतात. सच्छिद्र थरावरून पाणी ठिबकवायची त्यांची पद्धत सांडपाणी शुद्धीकरणातली, हे खरंच आहे. पण अनेक टाक्यांखाली एकच साठा ही कल्पना त्याहून शंभर वर्षं जुनी. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी मत्स्यालय उभारलं. दर्शनी टाक्यांत सुमारे २० हजार गॅलन समुद्राचं पाणी, आणि जमिनीखालच्या अंधाऱ्या हौदात १ लाख! अंधारात शेवाळ धरत नाही, तापमान स्थिर राहतं आणि एका टाकीतली घाण इतक्या पाण्यात विरून जाते. नेपल्सच्या १८७४ च्या मत्स्यालयालाही लॉइड यांचाच सल्ला होता.

त्या पाण्यात घडतं काय, याचा छडा लावणाऱ्यांत एक विलक्षण घर आहे. १८५० मध्ये लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी मासे, वनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून समतोल टाकी जमवली. त्यांच्याच नावाच्या मुलाने पुढे रॉथॅमस्टेडच्या शेतमातीत दाखवलं, की अमोनियाचं नायट्राइट एक जीव करतो आणि नायट्राइटचं नायट्रेट दुसरा. मुलगा खताच्या मागे होता, पण बापाच्या छंदाचं कोडं त्यानेच उलगडलं. आमच्या संपातल्या दगडांवर हीच दोन कामं रात्रंदिवस चालू असतात.

सामायिक पाण्याची भीतीही सामायिक. एका टँकमधला रोग आठही टँकमध्ये पोचतो, म्हणून परतीच्या वाटेवर यूव्हीचा दिवा लावतात आणि नवे मासे महिनाभर वेगळे ठेवतात. अंड्यातून नुकती निघालेली पिल्लंही वेगळ्या भांड्यात वाढवावी लागतात, नाहीतर ओव्हरफ्लो त्यांना ओढून नेतो.

आणि वीज गेली, की टाकीचं खाणीशी असलेलं नातं डोळ्यांसमोर येतं. पंप गप्प होतो. आठही टँकमधलं कडेवरचं पाणी आणि पाईपमधला सगळा साठा गळगळ करत खाली येऊ लागतो. तेवढी जागा संपात आधीच रिकामी ठेवलेली असावी लागते. परतीच्या पाईपला पाण्याच्या पातळीलगत बारीक भोक पाडलेलं असतं. पातळी खाली जाताच त्यातून हवा शिरते आणि उलटा ओढा तुटतो. मी बॅटरी धरून उकिडवा बसतो. पाणी काठाच्या चार बोटं खाली येऊन थांबतं.