‘बरं आहे’ या उत्तरामागे

मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच मोठ्या ओहोटीला अडते. बंदरात गाळ साचला आहे. पाणी उतरलं की प्रवासी भरतीची वाट पाहत बसतात. ही वाट पाहणं सोपं, कारण भरतीची वेळ ठाऊक असते. आखातात कागदपत्रांविना राबणाऱ्या मजुराला आपल्या सुटकेची वेळ ठाऊक नसते. त्याचं मन या काळात कसं तग धरतं, हे समजून घेणारं अभ्यासक्षेत्र वाचकांपुढे ठेवताना मला मनापासून आनंद होतो.

परमुलखात राबणं कोकणाला नवं नाही. चाकरमानी गिरणगावातल्या गाळ्यांत पाळीपाळीने झोपले, गोव्याचे खलाशी धोबीतलावच्या कुडांत (गाववार क्लबांत) राहिले. पुढे म्हसळा, श्रीवर्धन, महाडची माणसं आखातात गेली. त्यातले बहुतेक रीतसर व्हिसावर गेले. कागद सुटतो तो बहुधा तिथे पोचल्यावर. कुणाला व्हिजिट व्हिसावर नेऊन कामाला जुंपलेलं असतं. कुणाचा पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाकडे, अडकतो, पगार थकतो आणि तो काम सोडतो. सौदीत मालकाने ‘हुरूब’, म्हणजे कामावरून पळाल्याची तक्रार, नोंदवली की असा माणूस फरार ठरू शकतो. मग आई गेल्याचा फोन आला, तरी आउटपास (दूतावासाचा तात्पुरता प्रवास-दाखला) मिळेपर्यंत निघता येत नाही.

मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ साली ताणाला तोंड देण्याच्या दोन तऱ्हा मांडल्या: अडचणीलाच हात घालणं आणि अडचणीने ढवळलेलं मन सावरणं. कागद नसलेल्याला पहिली वाट जवळजवळ बंद असते. तक्रार करायला जावं तर आधी तोच पकडला जाईल. म्हणून खोलीतला सामायिक स्वयंपाक, नमाज, भजन, ‘खल्ली वल्ली’ (जाऊ दे) म्हणत दिवस ढकलणं, हे सगळं पळवाट समजू नये. उरलेल्या एकाच वाटेवर तो नेटाने चालत असतो.

बार्सिलोनाचे मनोविकारतज्ज्ञ जोसेबा अचोतेगी यांनी २००२ मध्ये अशा दीर्घ ताणाला ‘युलिसिस सिंड्रोम’ हे नाव दिलं. एकटेपणा, फसलेला बेत, जगण्याची झुंज आणि भीती ही त्याची कारणं. हा मनोविकार नव्हे, असं त्यांनी ठामपणे सांगितलं. मलाही तेच पटतं: कागदाने दिलेलं दुखणं केवळ गोळीने बरं होत नाही.

नव्या अभ्यासकांना एक विनंती. प्रश्नावली हाती घेण्याआधी या मजुरांचे शब्द ऐका. ‘डिप्रेशन’ हा शब्द क्वचितच कानी येईल. ‘करमत नाही’, ‘छातीत धडधडतं’ हे येईल. नाव, खोली, मालक यांची नोंद ठेवू नका. तुमच्या वहीमुळे कुणी पकडला जाता कामा नये.

आणि घरच्या माणसांनो, फोनवर तो ‘बरं आहे’ म्हणेल. पैसे कधी पाठवतोस, हे विचारण्याआधी एवढं विचारा: रात्री झोप लागते ना?