इनामगावची भट्टी आणि न भाजलेली देवी

तळेगाव ढमढेरे ज्या शिरूर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील घोड नदीकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत कुंभाराची गोल भट्टी आढळली. जोर्वे मृद्भांडी पक्की भाजलेली असून टिचकी मारल्यास खणखणतात. भट्टीत हवा खेळती राहिल्याने मातीतील लोहाचे ऑक्सिडीकरण होऊन त्यांना तांबडा रंग येतो. मात्र घराच्या जमिनीखाली बैलासह पुरलेली शिरोहीन स्त्रीमूर्ती कच्च्या मातीची आहे. भाजण्याचे तंत्र इतके अवगत असणाऱ्यांनी देवी कच्ची ठेवली, ती अज्ञानाने खचितच नव्हे. पूजेच्या पार्थिव मूर्ती आजही भाजत नाहीत. तथापि तेवढ्यावरून तीन हजार वर्षांची परंपरा जोडणे घाईचे ठरेल.