साक्षीदाराची साक्ष कोण देणार?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

‘साक्ष’ हा शब्द आपल्याला कोर्टकचेरीमुळे चांगला परिचयाचा आहे. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो, शपथ घेतो आणि जे पाहिले ते सांगतो. आम्हा मुसलमानांच्या श्रद्धेची सुरुवातही शहादतीने, म्हणजे साक्षीनेच होते. ‘शाहिद’ म्हणजे साक्षीदार. ‘शहीद’ हा त्याच धातूतला शब्द. ग्रीक भाषेतही साक्षीदारासाठी असलेल्या शब्दालाच पुढे हुतात्मा हा अर्थ आला. ख्रिस्ती मंडळींत तर देवाविषयी साक्ष देणे ही खऱ्या श्रद्धेची खूण मानतात. पण तोंडाने दिलेली साक्ष खरी कशावरून?

आमच्या हिंगोली जिल्ह्यातले नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. कीर्तनकाराच्या शब्दाला वजन येते ते त्याच्या वागण्याने, हे इकडच्या माणसाला कुणी शिकवावे लागत नाही. त्याच मापाने मराठी ख्रिस्ती समाजातल्या काही साक्षी पाहू.

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे १९०७ मध्ये त्यांनी आपली साक्ष प्रसिद्ध केली. तिच्यात त्या स्पष्ट सांगतात, की आपल्याला आधी ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र काही वर्षांनी भेटला. धर्मांतर आणि श्रद्धा यांतले अंतर इतक्या सरळपणे कबूल करणे सोपे नव्हते. आणि या शब्दांच्या पाठीशी केडगावचे मुक्ती मिशन उभे होते. तिथे दुष्काळातून आणलेल्या निराधार मुलींना आणि विधवांना घर मिळाले, शिक्षण मिळाले.

दुसरी साक्ष रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. नातलग तुटले, संसार मोडला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. अभंग आणि कीर्तन त्यांनी सोडले नाही. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही त्यात जागा होती. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, ते गेले.

पण माणसाची खरी पारख घरात होते. टिळकांचा तापट, लहरी स्वभाव लक्ष्मीबाईंनी जेवढा सोसला, तेवढा कुणी सोसला नसेल. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी घाई केली नाही. आधी सोवळेओवळे सुटले, मग १९०० साली बाप्तिस्मा झाला. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी नवऱ्याचे दोष झाकले नाहीत, म्हणूनच त्यांनी सांगितलेल्या गुणांवर आपला विश्वास बसतो. साक्षीदाराची साक्ष त्यांनी दिली, आणि तीही उलटतपासणी करून!

टिळकांचा धर्म माझा नाही. बाप्तिस्म्याविषयी त्यांचे-माझे मत जुळणारही नाही. तरी माणूस म्हणून ही साक्ष मी मान्य करतो. नमाजात मीही रोज साक्ष देतो. ती खरी की खोटी, हे मी किती मोठ्याने बोलतो यावरून ठरायचे नाही. ते माझ्या घरच्यांना विचारा, शेजाऱ्यांना विचारा, ज्यांचे पैसे मी देणे लागतो त्यांना विचारा. देवाच्या दरबारात साक्ष होईल तेव्हा होईल, गल्लीतली तपासणी तर रोजच चालू असते.